एकटे उंदीर, जोडीतले उंदीर: बडोद्याच्या प्राणीगृहातली नोंदवही (ऑगस्ट २०२४ ते जानेवारी २०२५)

काम असं: सी५७ब्लॅक६ जातीचे नर उंदीर, दूध तोडल्याच्या दिवसापासून सहा आठवडे एकटे किंवा भावासोबत ठेवायचे. मग वागणुकीच्या तीन चाचण्या, आणि विष्ठेतून ताणाचं मोजमाप. नोंदी त्या त्या दिवशी लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत. पुढे कळलेलं 'मागाहून' म्हणून जोडलं आहे.

१९ ऑगस्ट २०२४

इथिक्स कमिटीकडून फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीचा अर्ज, परत आला. आराखडा होता १६ पिंजऱ्यांत एकेक आणि ४ पिंजऱ्यांत चार-चार, म्हणजे आमच्या हिशेबाने १६ विरुद्ध १६. एका सदस्यांनी एवढंच विचारलं, "गटाचे पिंजरे किती?"

चार. एका पिंजऱ्यातले चार नर एकमेकांचं वागणं घडवतात. एक दांडगा निघाला की तिघे दबून राहतात, आणि ते दबणं तीनदा मोजलं म्हणून तीन पुरावे होत नाहीत. मोजायचा पिंजरा. म्हणजे खरा सामना १६ विरुद्ध ४ होता.

नवा आराखडा: १४ वेतं, प्रत्येक वेतातले तीन नर. एक एकटा, दोघे एकत्र. जोडीतला एकच 'मोजणीचा', दुसरा नुसता सोबती. मोजणीचा कोणता ते दूध तोडायच्या दिवशी चिठ्ठी टाकून ठरवायचं, नाहीतर हाताला लवकर लागतो तो मंद उंदीरच मोजणीचा होऊन बसतो. तिघांचे गट नीट झाले असते, पण त्यासाठी वेतात चार नर हवेत आणि या जातीत एका वेताला पिल्लंच सहा-सात.

सोबती १४, एकटे १४, मोजणीचे १४. शेवटच्या चाचणीत पिंजऱ्यात सोडायचे परके उंदीर फॉर्ममध्ये धरलेच नव्हते. ते २८. एकूण ७०. सोबती आणि परके यांचीही मंजुरी लागते. सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती) नियमांत 'हे नुसते सोबतीला' असा वेगळा खाना नाही. मागाहून: यात तीन आठवडे गेले.

स्विस आल्बिनो (पांढरे उंदीर) का नको, हेही विचारलं गेलं. स्वस्त असतात, पिल्लं भरपूर. पण स्विसच्या बऱ्याच वंशांत डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक दोष असतो, मोठेपणी जवळजवळ दिसत नाही. उघड्या-बंद जागेतला फरक पाहण्याच्या चाचणीत आंधळा उंदीर काय सांगणार?

२९ ऑगस्ट

विश्वामित्रीचं पाणी शहरात. प्राणीगृह वरच्या मजल्यावर असल्याने पिंजरे सुखरूप, पण खाद्याची पोती तळमजल्यावर होती. सहा पोती फेकली. खाद्य आणि बेडिंग निदान आठवड्याभराचं वरच ठेवावं, मांडणीवर, भिंतीपासून हातभर लांब.

२३ सप्टेंबर

तारखा ठरवल्या. प्रयोगाच्या सहा आठवड्यांत दिवाळीचे फटाके नकोत आणि उत्तरायणात (मकरसंक्रांतीला) गच्चीगच्चीवर लागणारे स्पीकरही नकोत. म्हणून ११ नोव्हेंबरच्या आठवड्यात सुरुवात, १४ जानेवारीच्या आत शेवट. मागे मोजत गेलं तर दूध तोडणं २१ व्या दिवशी, म्हणजे जन्म २१ ऑक्टोबरच्या आसपास. गाभणपण १९ ते २१ दिवसांचं, म्हणजे ३० सप्टेंबरला नर-माद्या एकत्र. २४ माद्या लावणार.

मागाहून: या हिशेबात मोठी चूक आहे. ती ४ नोव्हेंबरच्या नोंदीत.

७ ऑक्टोबर

प्लस मेझ, म्हणजे उघड्या-बंद जागेच्या चाचणीचा अधिकच्या चिन्हासारखा सांगाडा, आला. जमिनीपासून ५० सेंमी उंच, चार भुजा, प्रत्येक ३० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद. दोन भुजांना १५ सेंमीच्या भिंती, दोन उघड्या. ५ मिमी अ‍ॅक्रिलिक, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) करून घेतला, ७,२०० रुपये. बंद भुजेची आतली रुंदी भरली ४ सेंमी. चूक आमची. चित्रावर '५ सेंमी' लिहिलं, पण बाहेरून की आतून ते लिहिलं नाही. दोन्ही भिंतींची जाडी आतून गेली. उघडी भुजा ५ आणि बंद ४ असेल तर उंदीर अरुंदपणाला टाळतोय की उघडेपणाला, हे सांगता येणार नाही. भिंती काढून पुन्हा लावल्या, आणखी २,६०० रुपये आणि नऊ दिवस.

रंगाचंही तेच. पहिला काळा करून घेतला होता. काळा उंदीर काळ्या अ‍ॅक्रिलिकवर, व्हिडिओवरून माग काढणारं सॉफ्टवेअर सावलीलाच उंदीर समजत होतं. तळावर राखाडी मॅट पत्रा चिकटवला. चकचकीत पत्रा नको, त्यात उंदराचं प्रतिबिंब पडतं.

४ नोव्हेंबर

२४ पैकी २० माद्या व्यायल्या. बरोबर १४ वेतांत तीन किंवा जास्त नर निघाले, एकही वेत जादा नाही.

आता चूक. दिवाळी प्रयोगाच्या आधी गेली, पण ती गेली आयांच्या अंगावरून. माद्या गाभण असताना नवरात्र होतं. मैदान प्राणीगृहापासून फार लांब नाही, आणि बडोद्यात गरबा म्हणजे नऊ रात्री स्पीकर. पिल्लं नऊ-दहा दिवसांची असताना फटाके. उंदराच्या पिल्लाचे कान साधारण ११-१२ व्या दिवशी उघडतात, त्यामुळे पिल्लांना फारसं ऐकू आलं नसेल, पण आईला आलं. गाभणपणातला आणि दूध पाजतानाचा आईचा ताण पिल्लांच्या ताण-यंत्रणेवर उतरतो.

प्रयोग वाया गेला नाही. एकटा आणि जोडीतला हे एकाच आईचे, दोघांवर सारखंच गेलंय, त्यामुळे त्यांच्यातला फरक अजून ग्राह्य आहे. पण आमचे मूळचे आकडे शांत प्राणीगृहातल्या आकड्यांशेजारी ठेवू नयेत. कॅलेंडर प्रयोगाच्या दिवसापासून पाहू नका, गाभणपणाच्या पहिल्या दिवसापासून पाहा. पुन्हा करायचं तर बडोद्यात माद्या जानेवारीअखेर लावणं बरं. मग शेवट उन्हाळ्यात येतो आणि वीज जाण्याची भीती, पण त्यावर जनरेटर आहे. गरब्यावर काही नाही.

१३ नोव्हेंबर

शेवटची वेतं वेगळी केली. पिंजरे सगळे एकाच मापाचे, २९ × २२ × १४ सेंमी. प्रत्येकात मक्याच्या कणसाचा भुसा १०० ग्रॅम, घरट्यासाठी टिश्यू पेपरच्या पट्ट्या ८ ग्रॅम, एक पीव्हीसी पाइपचा तुकडा. कापूस देऊ नये, लांब धागे पायाला गुंडाळले जातात आणि रक्त थांबतं.

या कामातला सगळा ताप इथे आहे. 'एकटा' आणि 'जोडी' यांत फक्त सोबतीचा फरक नाही. जोडीच्या पिंजऱ्यात लघवी दुप्पट, वास दुप्पट, ऊब दुप्पट, घरटं बांधायला हात दुप्पट. हे सरळ केलं नाही तर मोजणी एकटेपणाची होत नाही, पिंजऱ्याची होते. दोन्हीकडे सारखं काय ठेवायचं याची यादी दारावर लावली. त्यातल्या चुकायला सोप्या गोष्टी:

पिंजरा बदलणं दर सात दिवसांनी, दोन्हीकडे. जोडीचा लवकर घाण होतो म्हणून तोच आधी बदलला तर त्यांना हाताळणी जास्त होते.

शेपटीवर मार्करची खूण तीन-चार दिवसांत पुसट होते. जोडीत ओळखायला ती लागतेच. एकट्याला नको असली तरी त्यालाही करायची, तितक्याच वेळा.

उचलणं शेपटीला धरून नाही. पाइपचा तुकडा पुढे करायचा, उंदीर आत शिरतो, पाइपसकट उचलायचा. दोन इंची पाइप, १३ सेंमीचे तुकडे, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या. शेपटी धरलेला उंदीर पुढच्या चाचणीत भित्रा दिसतो, आणि ती भीती आपल्या हाताची असते. एक पाइप ८० रुपयांचा, त्यातून २२ तुकडे. या अख्ख्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च.

हाताळणारी व्यक्ती एकच. पुरुषाच्या वासानेही उंदरांत ताण दिसतो, त्यामुळे आज एक माणूस, उद्या दुसरा, असं चालत नाही.

१८ नोव्हेंबर

साखरपाण्याची चाचणी रद्द. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत १ टक्का साखर, कोणती किती प्यायली ते पाहायचं होतं. एकट्याचं मोजता येतं. जोडीत कोण किती प्यायला ते कळत नाही. त्यासाठी जोडी रात्रभर तोडावी लागते, आणि मग जोडीतलाही एकटाच. आराखड्यात ही चाचणी दोन महिने होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

२१ नोव्हेंबर

देवउठी (प्रबोधिनी एकादशी) झाली आणि लग्नसराई सुरू. रात्री नऊ ते साडेअकरा वरात. ध्वनिमापक खोलीत ठेवला. आपल्याला 'बेसचा धडधडाट' वाटतो तो मुख्यतः कमी कंप्रतेचा, तो भिंतीतून आणि रॅकमधून पिंजऱ्यात जातो. रॅकच्या चाकांखाली प्रत्येकी दोन रबरी पॅड. पॅड घातल्यावर पिंजऱ्यातल्या पाण्याच्या बाटलीचं टोक थरथरायचं थांबलं, एवढंच डोळ्यांनी दिसलं. तेवढ्यासाठी ६०० रुपये ठीकच.

वरातीच्या रात्री वहीत वेळेसकट टिपून ठेवायला सुरुवात केली.

आपल्याला न ऐकू येणारा आवाजही तपासा. उंदराचं ऐकणं आपल्या मर्यादेच्या कितीतरी वर जातं. वटवाघळं ऐकण्याचं उपकरण मागून आणलं, तर रॅकवरच्या एका एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर सतत किंचाळत होता. ट्यूब बदलली.

४ डिसेंबर

तीन आठवड्यांचं खाद्य तोललं. एकटे उंदीर दर डोई स्पष्टपणे जास्त खाताहेत, वजन मात्र जोडीतल्यांपेक्षा फारसं जास्त नाही. वहीत 'ताणाने जास्त खाणं?' असं लिहून झालं होतं.

संध्याकाळी प्राणीगृहातले काका म्हणाले, "ताई, जोडीवाल्यांचं घरटं बघा, उघडं ताट. एकटे आहेत ते डोक्यावर छप्पर घालून झोपतात. थंडी वाजतेय त्यांना."

टॉर्च घेऊन एकेक पिंजरा पाहिला. एकट्यांचे ८ ग्रॅम कागद बारीक कुरतडून गोल घुमट केलेला, भोक बोटभर. भुसाही आत ओढलेला. जोडीकडे कागद नुसता चेपलेला, दोघे एकमेकांवर. डेटा लॉगर (१,९०० रुपये) लावला. दिवसा २३ अंश, पहाटे चारला १८.६. एसी फक्त थंड करतो, गरम करत नाही, आणि बडोद्यात डिसेंबरची पहाट थंड असते हे कुणी धरलंच नव्हतं. दिवसा खोलीत गेलं की काटा नेहमी २३ वर.

उंदराला आरामाची ऊब सुमारे ३० अंशांची लागते. २२ अंश त्याच्यासाठी आधीच गारवा. जोडीत दोघे चिकटून तो भागवतात, एकट्याला खाऊन भागवावं लागतं. म्हणजे जास्तीचं खाणं एकटेपणाचं नव्हे, थंडीचं. एकटेपणाचंही असेल, पण या आकड्यांतून ते वेगळं काढता येत नाही.

उपाय: ऑइल हीटर, थर्मोस्टॅटसकट, ५,४०० रुपये, रात्री २३ अंशांवर. घरट्याचा कागद ८ वरून १० ग्रॅम, दोन्हीकडे. दर पिंजऱ्याला सारखाच, दर उंदराला नव्हे, कारण घरटं वाटून घेतलं जातं. तीन आठवड्यांचा खाद्याचा आकडा विश्लेषणातून बाद.

मागाहून: पुढच्या तीन आठवड्यांत खाण्यातला फरक कमी झाला, पूर्ण गेला नाही.

१० डिसेंबर

नवव्या वेताची जोडी बाद. सकाळी सोबत्याच्या कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी चाव्याच्या ताज्या जखमा. वेगळं केलं, जखमा धुतल्या.

कारण मागे काढलं. काल काका रजेवर, पिंजरे दुसऱ्याने बदलले, आणि जुनं घरटं भुशासकट फेकून स्वच्छ कोरा पिंजरा दिला. नर जोडीला नेहमी जुन्या घरट्याचा कोरडा मूठभर कागद नव्या पिंजऱ्यात टाकतो. घरट्याचा ओळखीचा वास भांडणं कमी करतो. लघवीने भिजलेला भुसा मात्र न्यायचा नाही, त्याने भांडणं वाढतात. हे दोन्ही काकांच्या हातात होतं, दारावरच्या यादीत नव्हतं. यादीत टाकलं.

जखम झाली तर जोडी बाद, हा नियम आधीच लिहिलेला होता म्हणून वाद झाला नाही. बाद झालेल्या सोबत्याला 'एकटा' गटात ढकलायचा मोह टाळा. तो चार आठवडे सोबतीत वाढलेला आहे. उरल्या १३ जोड्या.

१६ डिसेंबर

कमुरता (धनुर्मास) लागले. उत्तरायणापर्यंत लग्नं नाहीत, म्हणजे वराती नाहीत. चाचण्या याच काळात येताहेत, तेही योगायोगाने.

२६ डिसेंबर

ओपन फील्ड, म्हणजे मोकळ्या पेटीत सोडून हालचाल पाहणं, ४० × ४० सेंमी, भिंती ४० सेंमी, १० मिनिटं. उजेड लक्समीटरने ४० लक्स केला. आधी मोबाइल ॲपने पाहिला होता, ते जवळजवळ दुप्पट दाखवत होतं.

सात वेतं आज. सोय म्हणून सातही एकटे सकाळी, सातही जोडीतले जेवणानंतर. संध्याकाळी तक्ता भरताना लक्षात आलं. सकाळच्या उंदरांनी खोलीत तास-दीड तास वाट पाहिली, दुपारच्यांनी पाच. दिव्याच्या वेळेनुसार हालचाल बदलते, ताणाचं संप्रेरकही बदलतं. आजचा फरक एकटेपणाचा की घड्याळाचा, कळायला मार्ग नाही, आणि पुन्हा घेताही येत नाही, कारण जागा आता नवी राहिली नाही. सात वेतांचा ओपन फील्ड गेला. उद्यापासून एकटा, जोडी, एकटा, जोडी, आणि सुरुवात कुणापासून ते दर वेताला उलटं.

जोडीच्या पिंजऱ्यातून आधी मोजणीचा काढायचा. सोबती आधी काढला तर मोजणीचा तेवढ्यात हादरलेला असतो.

३१ डिसेंबर

काल आणि आज प्लस मेझ, ५ मिनिटं, एकदाच. दुसऱ्यांदा ठेवलेला उंदीर उघड्या भुजेकडे फारसा जात नाही, त्यामुळे 'सराव' म्हणूनही ठेवू नका. दोन उंदीर उघड्या भुजेवरून पडले. त्यांना पिंजऱ्यात परत, नोंदीत 'पडला', आकडा नाही.

प्रत्येकानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसत होतो. आज भिंतींच्या कडांना केसासारख्या चिरा दिसल्या. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही, ताण असलेल्या जोडांपाशी ते तडकतं. साबणाचं पातळ पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं. वेळ दुप्पट लागतो.

आज रात्री सगळीकडे डीजे, म्हणून २ तारखेपर्यंत काहीच नाही.

७ जानेवारी २०२५

परक्याची चाचणी. मोजणीच्या उंदराच्या स्वतःच्या पिंजऱ्यात लहान, हलका, गटात वाढलेला परका नर १० मिनिटं. परका एकदाच वापरायचा. रक्त दिसलं की लगेच थांबवायचं, जाड हातमोजा आणि पुठ्ठ्याचा तुकडा हाताशी. हात मध्ये घालू नका.

जोडीचं कोडं इथेही. सोबती आत असेल तर हल्ला कोणी केला ते गोंधळतं. सोबती ३० मिनिटं आधी काढला, आणि एकट्यांचंही झाकण त्याच वेळी, तितकाच वेळ उघडून बंद केलं. अर्ध्या तासाची ताटातूट सहा आठवड्यांच्या एकटेपणासारखी नसते, पण शून्यही नसते. अहवालात हे लिहावंच लागेल.

एकटे नर लवकर आणि जास्त तुटून पडले. शेपटी खडखडवणं, मग कडेने येणं, मग चावा. चार वेळा मध्येच थांबवावं लागलं, चारही एकटे. एवढी एकच गोष्ट डोळ्यांना विनासायास दिसली. बाकी सगळं तक्त्यात शोधावं लागतंय.

९ जानेवारी

विष्ठेचे नमुने ०, ३ आणि ६ आठवड्यांचे, उणे २० अंशांवर. जोडीत कुणाच्या लेंड्या कुणाच्या ते कळत नाही, म्हणून मोजणीचा उंदीर ४५ मिनिटं जाळीच्या तळाच्या डब्यात. एकट्यालाही तसंच. ही ताटातूट त्या लेंड्यांत दिसत नाही, कारण विष्ठेत उतरतं ते साधारण ८ ते १० तास आधीचं. रक्त घ्यायचं असतं तर पिंजऱ्याला हात लागल्यापासून तीन मिनिटांत घ्यावं लागलं असतं.

५० मिलिग्रॅम वाळलेली विष्ठा, १ मिली ८० टक्के मिथेनॉल, अर्धा तास हलवून सेंट्रिफ्यूज. इथवर ठीक. किट मात्र चुकीचं मागवलं होतं, रक्तातल्या कॉर्टिकोस्टेरॉनचं, म्हणजे उंदराच्या ताणाच्या संप्रेरकाचं. विष्ठेत मूळ संप्रेरक फारसं उरत नाही, त्याचे तुकडे उरतात. नमुना दुप्पट पातळ केला की आकडा निम्मा यायला हवा, तो आलाच नाही. एक प्लेट (नमुने मोजायची, ९६ विहिरींची म्हणजे खळग्यांची), ४१,००० रुपये, गेली. किट मागवण्याआधी त्याची प्रतिपिंडं कशाला चिकटतात ते पत्रकात वाचा.

२८ जानेवारी

तुकड्यांना ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या तीन प्लेट आल्या. पातळ करून पाहिलं, नमुन्यांची आणि मानकांची रेषा समांतर, म्हणजे किट या वेळी बरोबर. प्रत्येक प्लेटवर मानकं आणि कंट्रोल धरून २० विहिरी जातात, उरतात ७६, दुहेरी मोजणीने ३८ नमुने. एका उंदराचे तिन्ही नमुने आणि दोघे भाऊ एकाच प्लेटवर, म्हणजे सहा वेतं एका प्लेटला. १३ वेतांसाठी दोन प्लेट भरतात आणि तिसरीवर सहाच नमुने उरतात. रिकाम्या ३२ जागांपैकी २६ वर ३० नोव्हेंबरच्या वरातीनंतर सकाळी सातला घेतलेले नमुने चढवले. गोठवून ठेवले होते म्हणून जमलं. प्लेटचं वाचन उद्या.